रायस्वाइकच्या बागेतली मासळी

भाईंदर,
रविवार, ता. १७ नोव्हेंबर १९४६

श्री. आर्थर घोन्सालवीस यांस,
मुक्काम पाली, उत्तन.

नमस्कार. पत्राच्या आरंभी खुशाली लिहावी अशी रीत आहे, ती पाळतो. माझी प्रकृती ठीक आहे. पार्वतीही बरी आहे. मिठागरात पाणी घेण्याची तयारी चालू आहे. घोडबंदरच्या बाजूचा बांध एका ठिकाणी दोन इंच खाली बसलेला आढळला, म्हणून तो पाडून मी पुन्हा घालायला लावला. तेव्हापासून मुकादम माझ्याशी कामापुरतेच बोलतो. तुम्ही आणलेले बोंबील पार्वतीने निखाऱ्यावर भाजले. घरातील सर्वांनी आवडीने खाल्ले. मी खाल्ले नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

तुम्ही मागितलेला कागद आठवडा झाला तरी तुमच्या हाती आलेला नाही. 'शेटला कामं असतील,' असे तुम्ही तुमच्या मॅबेलला सांगितले असेल. काम नव्हते.

मला गोष्टी क्रमाने मांडण्याची सवय आहे. पुढील बहुतेक गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत. तरीही लिहितो, कारण क्रम चुकला की कारण चुकते.

पहिली गोष्ट. १९३६ च्या सप्टेंबरात बांधबंदिस्तीचे शिक्षण घेण्यासाठी मी हॉलंडमध्ये डेल्फ्टला गेलो, आणि तेथून जवळच असलेल्या रायस्वाइक या उपनगरात श्रीमती ब्लोम यांच्या घराचा तळमजला भाड्याने घेतला.

दुसरी गोष्ट. त्याच हिवाळ्यात रॉटरडॅमच्या गोदीत भरतीओहोटीची मोजमापे पाहत असताना शेजारच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात एक फळी एका सुताराच्या पायावर पडली. त्याने दिलेली शिवी पालीखेरीज जगात कोठेही दिली जात नाही. अशा रीतीने तुमची माझी ओळख झाली.

तिसरी गोष्ट. तुम्ही जहाजावरचे सुतार. त्याच्या काही वर्षे आधी जहाजावर पाय मोडल्यामुळे त्या बंदरात उतरलात आणि राहिलात. आयरिनबाई मुंबईतील एका डच कुटुंबाची मुले सांभाळत त्यांच्यासोबत तिकडे आल्या होत्या. दोघेही पालीचे; पण लग्न झाले ते रॉटरडॅममध्ये, आणि तुमची मुलगी मॅबेलही तेथेच जन्मली. रविवारी तुम्ही तिघे माझ्याकडे जेवायला येत होता.

चौथी गोष्ट. १९३८ च्या अखेरीस मी परत निघणार हे ठरले, तेव्हा ते घर माझ्यामागे आपल्याला मिळावे अशी इच्छा तुम्ही दोघांनी बोलून दाखवली. तुमची रॉटरडॅमची खोली गोदीमागच्या गल्लीत होती. तिच्या भिंतींना ओल येई आणि मॅबेलला खोकला असे.

पाचवी गोष्ट. श्रीमती ब्लोम जाणाऱ्या भाडेकरूच्या लेखी शिफारशीवाचून नवा भाडेकरू घेत नसत.

सहावी गोष्ट. ता. २१ नोव्हेंबर १९३८ रोजी मी त्यांना तुमच्याविषयी पत्र दिले.

सातवी गोष्ट. घर तुम्हाला मिळाले नाही.

आठवी गोष्ट. ता. १४ मे १९४०, मंगळवार, दुपारी दीडच्या सुमारास रॉटरडॅमवर बाँब पडले. तुम्ही नदीपलीकडे कारखान्यात होता. मॅबेलला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आदल्या दिवशीच गावाबाहेर नेले होते. आयरिनबाई खोलीत होत्या.

हा क्रम बरोबर आहे. मी तो तीनदा तपासला आहे. मात्र त्यात दोन जागा मी मोकळ्या सोडल्या आहेत: एक तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टींच्या मध्ये, आणि दुसरी सहाव्या गोष्टीच्या पोटात. त्या भरण्यासाठी हे पत्र आहे.

पण त्याआधी मागच्या रविवारचे लिहिले पाहिजे, कारण त्या दिवशी मी गप्प राहिलो नसतो तर या पत्राची गरज पडली नसती.

तुम्ही चर्चमधली मिस्सा आटोपून मॅबेलला घेऊन पालीहून निघालात, बैलगाडीने दोन प्रहरी आमच्या दारात उतरलात. आठ वर्षांनी पाहिले. तुमचे केस पांढरे झाले आहेत आणि चालण्यातले लंगडणे वाढले आहे. मी 'या' म्हणालो. तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत आणि पार्वतीला म्हणालात, "वयनी, हा मानूस नसता ना, तर त्या मुलखात आमी येडे झालो असतो. आमाला कागद लिवून दिला यांनी. घर भेटला न्हाय, तो आमचा नशीब. पन यांनी हात आकडता घेतला न्हाय."

पार्वती म्हणाली, "आमच्याकडे मात्र किराणाची यादी लिहायलाही तीन दिवस घेतात."

तुम्ही हसलात. मीही हसलो.

मग तुम्ही कामाचे बोललात. मॅबेलला बांद्र्याच्या शाळेत घालायचे आहे. शाळेजवळ झाडांच्या एका शांत गल्लीत एका विधवा बाईंची खोली रिकामी आहे. तुम्हाला जवळच सुतारकाम मिळते आहे. बाई म्हणतात, कोणी शिकलेल्या, प्रतिष्ठित माणसाचे पत्र आणा.

"कसले पत्र?" असे मी विचारले. मला कळले नव्हते असे नाही.

"तवा लिवला व्हता तसाच," तुम्ही म्हणालात. "त्या ब्लोमबायला लिवला व्हता ना, अगदी तसाच द्या. दुसरा काय नको."

मी म्हणालो, "पाहतो." तुम्ही पाय धुवायला मागे विहिरीवर गेलात आणि पार्वती तुमच्यामागे तांब्या घेऊन गेली. ओटीवर मॅबेल आणि मी असे दोघेच राहिलो. तिला मराठी थोडी येते, हे तुम्ही सांगितलेच होते. ती माझ्याशी डच बोलली. भाईंदरमध्ये ती भाषा समजणारा मी एकटाच आहे, हे तिने तुमच्याकडून ऐकले असावे.

तिने विचारले, "बदकांच्या घरात राहायचे ते तुम्हीच का?"

मी हो म्हणालो.

"आई रोज सांगायची की आपण बदकांच्या घरात जाणार. खोकला आला की सांगायची. मग एक दिवस सांगेनाशी झाली." आणि मग, अगदी साधेपणाने, "ते घर आम्हाला का मिळाले नाही?"

मी तिला सांगितले की ते आधीच दुसऱ्या कोणी घेतले होते. व्याकरण निर्दोष होते. आठ वर्षांत डचचा एक शब्द न बोललेल्या माणसाला ते वाक्य अडखळल्याशिवाय सुचले. अकरा वर्षांच्या मुलीशी मी खोटे बोललो आणि तिने मान हलवून माझे आभार मानले.

त्या रात्रीच्या जेवणात बोंबील होते. मी ताट पुढे सारले.

आता पहिली मोकळी जागा.

रायस्वाइकची ती गल्ली तुम्ही पाहिली आहे. पण तुम्ही ती रविवारी पाहत होता, मी आठवडाभर पाहत असे. दोन्ही बाजूंना लिंडनची झाडे, प्रत्येक घरापुढे कमरेएवढे कातरलेले कुंपण, मागे छोटी बाग आणि बागेच्या टोकाला संथ पाण्याची चर, तीत बदके. दर्शनी खिडक्यांचे पडदे दिवसा कोणी ओढत नसे. आत काही लपवण्यासारखे नाही हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे असा तेथील शिरस्ता होता. दर शनिवारी प्रत्येक बाई उंबऱ्याची पायरी ब्रशने घासून धूत असे. माझ्या तळमजल्याची पायरी मी स्वतः घासत असे. दुसऱ्या वर्षी श्रीमती ब्लोम शेजारणीला म्हणाल्याचे मी स्वतःच्या कानांनी ऐकले, "या हिंदी गृहस्थांची पायरी आपल्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ असते."

आर्थर, त्या एका वाक्यावर मी कित्येक महिने जगलो. आमच्या घराण्यात मॅट्रिकपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मी. मुंबईच्या कॉलेजात माझ्या शेजारी बसलेला मुलगा बाक बदलून बसला होता, कारण माझ्या कोटाला मासळीचा वास येतो असे त्याचे म्हणणे होते. त्या दिवसापासून मी इतका स्वच्छ राहिलो आहे की पार्वतीला माझे कपडे धुताना भीती वाटते. आणि त्या परक्या गल्लीत, जेथे मी कोण आणि माझे वडील कोण हे कोणाला ठाऊक नव्हते, माझी पायरी सर्वांत स्वच्छ ठरली.

१९३८ च्या सप्टेंबरात प्रबंध लिहीत असताना माझे अन्नावरचे मन उडाले. उकडलेले बटाटे समोर आले की उठून जावेसे वाटे. एका रविवारी मीच आयरिनबाईंना म्हणालो, "वहिनी, येथे मासळी वाळवता येईल का?"

हे वाक्य माझे होते. ते तुमचे नव्हते, त्यांचेही नव्हते.

त्या म्हणाल्या, "भाऊ, हितं बोंबील कुटं?" आणि तुम्ही म्हणालात, "बोंबील न्हाय तर काय झाला, तोंड असलेला कायबी वालतो." पुढच्या शनिवारी, ता. २४ सप्टेंबरला, तुम्ही गोदीवरून टोपलीभर बारीक मासे आणलेत. बांबू नव्हते, म्हणून मी कॉलेजच्या मोजणीच्या दोन काठ्या बागेत रोवल्या आणि तुम्ही त्यांना आडव्या दोऱ्या बांधून पालीच्या किनाऱ्यावर असते तशी वलांडी उभी केलीत. आयरिनबाई आपल्या पद्धतीने दोन माशांची तोंडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकू लागल्या. पण त्या मासळीचे जबडे बोंबलासारखे नव्हते, अडकत नव्हते. तेव्हा त्यांनी मॅबेलच्या झबल्याची शिवण उसवून दोरा काढला आणि शेपटीला शेपटी बांधली. तुम्ही म्हणालात, "ही डच मासली, हिचा तोंड बंदच." त्या इतक्या हसल्या की कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली.

बोंबलाला मीठ लागत नाही. त्या मासळीला लागेल, नाहीतर ती नासेल, असे आयरिनबाई म्हणाल्या. मी आत गेलो. आमच्या मिठागरातले मीठ तपासणीसाठी मी मोहोरबंद बाटल्यांतून नेले होते; त्यांतली एक बाटली मी फोडली. तेव्हा मीठही माझेच होते.

रविवारी संध्याकाळी तुम्ही परत गेलात. मासळी माझ्याकडे राहिली. सोमवारी सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी मी ती स्वतः पालटली. कोरडा पूर्वेचा वारा होता. उन्हात उभा राहून मी तो वास घेतला आणि मला, खरे सांगतो, रडू आले.

त्या संध्याकाळी श्रीमती ब्लोम दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, अवघडल्या होत्या. तीन घरांतून तक्रार आली होती. त्यांनी विचारले, "गावंड महाशय, हे काय आहे? तुम्ही तर असे कधी करत नाही."

त्या वाक्यातच मला उत्तर देऊन ठेवले होते. मी ते उचलले. मी म्हणालो, "माझ्या पाहुण्यांनी टांगले आहे."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्या म्हणाल्या, "मला वाटलेच होते." मी काठ्या उपटल्या. मासळी तोवर पुरती वाळली होती. ती मी फेकली नाही. बिस्किटांच्या डब्यात भरून कपाटात ठेवली, आणि नोव्हेंबर संपेपर्यंत रोज थोडी खाल्ली, खिडकी लावून. तुम्हाला मी सांगितले की वास आला म्हणून टाकून द्यावी लागली. आयरिनबाईंनी 'श्रम वाया गेले' असेही म्हटले नाही.

आता दुसरी जागा.

घर तुम्हाला द्यावे असे मी श्रीमती ब्लोम यांना तोंडी सुचवले होते, हे खरे आहे. त्या विचारी बाई होत्या. त्यांनी तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. या कुटुंबाला तुम्ही किती काळ ओळखता? ते शांतपणे राहतात काय? सप्टेंबरातला प्रकार कोणाचा होता, आणि तो पुन्हा होणार नाही याची खात्री तुम्ही देता काय?

पहिल्या दोन प्रश्नांना मी जी उत्तरे दिली त्यांहून चांगली उत्तरे कोणी देऊ शकला नसता. तिसऱ्याशी मी एक संपूर्ण दुपार बसलो. खरे लिहावे तर सप्टेंबरात मी खोटे बोललो हे उघड होणार, आणि त्या गल्लीतून जाताना माझ्यामागे ते राहणार. धडधडीत खोटे लिहावे तर ते माझ्या सहीखाली राहणार, आणि माझ्या सहीखाली तोवर खोटे गेलेले नव्हते. मी अभ्यासात तरबेज होतो. मी असे वाक्य शोधून काढले: 'ती मासळी श्रीमती घोन्सालवीस यांच्या हातची होती, ती त्यांच्या गावची रूढी आहे, तसा प्रकार पुन्हा होणार नाही अशी खात्री देणे मला शक्य नाही.'

यातला प्रत्येक शब्द तपासून पाहा. प्रत्येक शब्द खरा आहे. ते वाक्य लिहून झाल्यावर मला समाधान वाटले, हे मी लपवणार नाही. मी कपाट उघडले, डब्यातले दोन मासे खाल्ले, हात साबणाने दोनदा धुतले, आणि पत्र वरच्या मजल्यावर नेऊन दिले.

तुम्ही मागच्या रविवारी म्हणालात, 'अगदी तसाच द्या.'

हे सारे माझ्यावाचून कोणाला ठाऊक नव्हते असे तुम्ही समजाल. तसे नाही. १९३९ च्या जानेवारीत, मी भाईंदरला पोहोचून पंधरा दिवस झाले असतील, मला आयरिनबाईंचे पत्र आले. ते आजवर माझ्या पेटीत होते. ते तुमचे आहे. म्हणून सोबत पाठवत आहे. कागद जीर्ण झाला आहे, घडीवर जपून उघडा. तो हरवलाच तर मजकूर तरी राहावा, म्हणून येथे जसाच्या तसा उतरवतो:

'पुंडलिकभाऊ, मी बायकडे गेलते. ती म्हनली घर द्याचा न्हाय, तुमी मासली सुकवता, सायबानं लिवलंय. मी गप रायले. मासली कोनासाठी व्हती ते मी सांगला न्हाय. परक्या बायसमोर आपल्या गावच्या मानसाची मान खाली कशाला घालायची. आर्थरला पन सांगला न्हाय, तो तुमाला लय मानतो. तुमी घाबरला असाल ते मला समजते. मॅबेलचा खोकला हाय तसाच हाय. तुमी नीट पोचले का ते लिवा. आयरिन.'

मी नीट पोहोचलो होतो. ते मी त्यांना लिहिले नाही. एक ओळ पुरली असती. मी सात मसुदे केले. प्रत्येकात काही ना काही उणे राहिले, आणि जे सर्वांगी बरोबर नाही ते मी पाठवत नाही. असे सोळा महिने गेले, आणि मग पत्र पाठवण्याचा पत्ताच उरला नाही.

१९४१ मध्ये तुमचा पंचवीस शब्दांचा निरोप रेड क्रॉसमार्फत उत्तनच्या पाद्रींकडे आला. पाद्रीसाहेबांनी मला बोलावून दाखवला. त्यानंतर मी आयरिनबाईंच्या आईला पालीला सांत्वनाचे पत्र लिहिले. ते पत्र त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले आहे असे मला कोणी कौतुकाने सांगितले. त्यात एकही चूक नव्हती.

एक गोष्ट आणखी आहे, आणि ती मला सर्वांत अवघड जाते. रायस्वाइकजवळ विमानतळ होता, तुम्हाला आठवत असेल. लढाईच्या पहिल्याच दिवशी त्याच्यावर हल्ला झाला होता हे मी नंतर वाचले. तेव्हापासून मी मनाशी म्हणत असे की ते घरही पडले असेल. ते तुम्हाला मिळाले असते तरी शेवट हाच झाला असता. लढाई संपल्यावर टपाल सुरू होताच मी श्रीमती ब्लोम यांना पत्र लिहून घराविषयी विचारले. चौकशी सभ्यपणाची होती. आत काय होते ते तुम्हाला सांगतो: एका वृद्ध बाईचे घर जमीनदोस्त झाले असावे, असे मी वर्षानुवर्षे इच्छीत होतो.

यंदाच्या फेब्रुवारीत त्यांचे उत्तर आले. त्या खुशाल आहेत. लिंडनची झाडे लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात जळणासाठी तोडली गेली. घराच्या मागच्या खिडकीच्या दोन काचा तडकल्या. माणसांना काही झाले नाही. माझ्यानंतर त्या मजल्यावर एक शिक्षिका राहते. तिच्या पायरीला माझ्या पायरीची सर नाही, असे त्यांनी मुद्दाम लिहिले आहे.

दोन काचा.

बाँब मी टाकले नाहीत हे मला कळते. कोणी न्यायाधीश मला दोषी ठरवणार नाही, हेही कळते. तो युक्तिवाद मी स्वतःशी इतक्या वेळा केला आहे की त्यात फट उरलेली नाही. परंतु त्या दुपारी दीड वाजता आयरिनबाई ज्या खोलीत होत्या त्या खोलीत त्या का होत्या, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य माझ्या अक्षरात आहे.

बांद्र्याच्या बाईंसाठी तुम्ही मागितलेला कागद सोबत आहे. पाकीट उघडे ठेवले आहे. आधी तुम्ही वाचावे. त्यात मी लिहिले आहे की श्री. आर्थर घोन्सालवीस यांना मी दहा वर्षे ओळखतो. त्यांच्याहून सचोटीचा माणूस मी दोन देशांत पाहिला नाही. त्यांची मुलगी हुशार आणि शिस्तीची आहे. आणि पूर्वी एका परदेशी घरमालकिणीला मी या कुटुंबाविषयी जे लिहिले होते ते फसवे होते, मासळी मी स्वतःसाठी वाळवून घेतली होती, आणि त्यामुळे त्यांना घर मिळाले नाही. हे शेवटचे वाक्य बांद्र्याच्या बाईंना अनावश्यक वाटेल, आणि कदाचित माझ्या पत्राचे वजनही त्याने घटेल. म्हणून दुसरा एक कागद जोडला आहे, ज्यात ते वाक्य नाही. कोणता द्यायचा ते तुम्ही ठरवा. दोन्ही फाडलेत तर मॅबेलची खोली अडणार नाही, एवढी तजवीज मी केली आहे: भाईंदरच्या शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांचे मराठी कच्चे असले तरी नाव चांगले आहे, तुम्हाला स्वतंत्र पत्र देण्यास तयार आहेत. त्यांना मी कारण सांगितलेले नाही. तुम्ही सांगू शकता.

मॅबेलशी मी जे खोटे बोललो ते तिला तिच्या भाषेत, मीच सांगितले पाहिजे. त्याला तुमची परवानगी लागेल. नाही म्हणालात तर मी तिच्यासमोर येणार नाही.

आता माझी मागणी. मागण्याचा अधिकार मला नाही हे जाणून मागतो.

या पत्राचे उत्तर मला लेखी हवे आहे. तुम्ही स्वतः येऊ नका. तुम्ही आलात की ओटीवर बसाल, पार्वती चहा ठेवील, तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणाल, "जाऊ द्या शेट, झाला ते झाला," आणि मी ते घेईन. श्रीमती ब्लोम यांनी दारात उत्तर देऊ केले तेव्हा मी ते जसे घेतले होते, तसेच घेईन. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे आणि माझाही. म्हणून कागदावर लिहा. शिव्या द्यायच्या असतील तर त्या पालीच्याच द्या. मला त्या समजतात. काहीच लिहायचे नसेल तर कोरा कागद सही करून पाठवा. पण पाठवा. मी आयरिनबाईंना उत्तर दिले नाही, म्हणून तुम्ही मला देऊ नये, हे न्याय्य होईल, तरीही मागतो.

रॉटरडॅमला एकदा तुम्ही मला चिठ्ठी लिहिली होती, आणि मी तांबड्या शाईने तिच्यातल्या एकोणीस चुका दाखवून ती परत केली होती. तेव्हा मी तुम्हाला 'अरे आर्थर' म्हणत असे आणि तुम्ही मला 'शेट'. तुम्ही त्यानंतर मला कधी लिहिले नाही. या वेळी जसे येईल तसे लिहा. मी त्यातले एक अक्षरही दुरुस्त करणार नाही.

उत्तर येईपर्यंत मी बोंबील खाणार नाही. ही शिक्षा नव्हे. घशाखाली उतरत नाहीत, इतकेच.

ती मासळी ज्याच्यासाठी वाळली आणि ज्याने एकट्याने खाल्ली, तो,

पुंडलिक हरी गावंड

सोबत: १. आयरिनबाईंचे पत्र, मूळ. २. बांद्र्याच्या बाईंसाठी दोन कागद. ३. उत्तरासाठी कोरा कागद आणि माझ्या पत्त्याचे, तिकीट लावलेले पाकीट.